सॉफ्ट रिलीज बटण सारखं सैल होतंय, पिशवीत शटर मारतंय: कारणं आणि उपाय

फिल्म कॅमेऱ्याच्या शटर बटणात केबल रिलीजसाठी (हात न लावता शटर दाबायची लवचिक तार) आटे असलेलं भोक असतं. त्यात फिरवून बसवायचं छोटं गोल बटण म्हणजे सॉफ्ट रिलीज: वर बोटाखाली येणारी चकती, खाली आटे असलेली दांडी. त्याबद्दलची तक्रार बहुतेक वेळा एकच: आज घट्ट बसवलं, चार दिवसांनी हाताला सैल लागलं, आणि एक दिवस बघावं तर जागेवर नाही. मग लोक फेविक्विक शोधायला उठतात. तो मात्र अजिबात लावू नका. सैल होण्याची कारणं निरनिराळी आहेत आणि एकाचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही. शिवाय फेविक्विक पातळ असतो. आट्यांवरून ओघळून तो बटणाच्या दांड्यापर्यंत पोचला, की शटर बटणच जाम होतं आणि वरचं झाकण उघडण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

मुळात भोक कोणतं आहे ते बघा

बहुतेक कॅमेऱ्यांत भोक बटणाच्या मधोमध असतं आणि ते शंकूसारखं निमुळतं असतं: तोंडाशी रुंद, आत अरुंद. लायका एम३ ते एम६, निकॉन एफएम, एफई, एफएम२ आणि एफ३, पेंटॅक्स के१०००, कॅनन एई-१, ऑलिंपस ओएम-१, यशिका इलेक्ट्रो ३५ हे सगळे या गटातले. यांवर बाजारातलं कोणतंही सर्वसाधारण सॉफ्ट रिलीज चढतं.

निकॉन एफ (१९५९) आणि एफ२ (१९७१) यांच्या बटणात मधे भोक नाही. आटे बटणाभोवतीच्या कड्यावर, बाहेरच्या बाजूला आहेत. जुन्या स्क्रू माउंट लायकांचीही हीच तऱ्हा. त्यांना वरून टोपीसारखं बसणारं बटण किंवा मधला अडॅप्टर लागतो. एफ आणि एफ२साठी निकॉनचंच एआर-१ होतं. एफएम, एफई, एफ३च्या घराण्याला लागतं ते एआर-९. जुन्या मालाच्या दुकानात दोन्ही एकाच डब्यात पडलेली असतात, तेव्हा विकत घेण्याआधी खालची बाजू बघा.

भोकच नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी चिकटवायची बटणं मिळतात. ऑलिंपस एक्सएचं बटण तर इतक्या हलक्या स्पर्शाने चालतं, की त्यावर काही चिकटवणं म्हणजे फुकट गेलेल्या फ्रेमला आमंत्रण. मिनोल्टा एक्स-७००मध्ये (१९८१) बटणाचा वरचा पृष्ठभाग बोटाचा स्पर्श ओळखून मीटर (प्रकाश मोजणारा भाग) चालू करतो. वर स्टिकर आला की स्पर्श पोचत नाही आणि दर वेळी बटण थोडं दाबावं लागतं. शिवाय उन्हात उभ्या गाडीत हा गोंद विरघळतो आणि बटणाच्या फटीत उतरतो. या दोन कॅमेऱ्यांवर काहीही चिकटवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सैल का होतं

कॅमेऱ्याचं भोक निमुळतं, पण स्वस्त सॉफ्ट रिलीजची दांडी बऱ्याचदा सरळ असते, साध्या ३ मिमीच्या स्क्रूसारखी. निमुळत्या भोकात सरळ दांडी फक्त तोंडाजवळच्या किंवा तळाजवळच्या एक-दीड आट्यावर टेकते. बाकीचे आटे नुसते हवेत. वरून बोटाचा दाब बसतो तो क्वचितच सरळ असतो; बोट किंचित घसरतं, चकतीला पीळ बसतो, आणि घड्याळाच्या उलट दिशेने थोडा थोडा पीळ साठत ती सुटते. पट्टा खांद्यावर असेल तर शर्टाला घासून तेच काम होतं. मोटरसायकलच्या डिकीतला थरथराट तर विचारूच नका. जड पितळी बटणं हलक्या अॅल्युमिनियमच्या बटणांपेक्षा लवकर सुटतात, कारण हादऱ्याला वजन साथ देतं.

आपलं बटण कोणत्या प्रकारचं हे ओळखायला आधी साधी केबल रिलीज कॅमेऱ्यात फिरवून बघा. तिचं टोक निमुळतंच असतं, त्यामुळे ती दोन-तीन वेढ्यांत आपोआप घट्ट होते. आता सॉफ्ट रिलीज फिरवा आणि चकतीची खालची बाजू शटर बटणावर टेकते का, हे बाजूने उजेडात बघा.

चकती टेकली, पण टेकेपर्यंत फिरवताना जराही जोर लागला नाही, तर आटे धरतच नाहीत. सगळी पकड त्या टेकण्यावर आहे. इथे रबरी ओ-रिंग चालते.

चकती टेकण्याआधीच घट्ट झाली आणि खाली फट राहिली, तर आटे पाचरीसारखे अडकलेत. इथे पातळ ओ-रिंगचा उपयोग शून्य, कारण तिला दाब मिळतच नाही. इथे टेफ्लॉन टेप.

चकती टेकलेलीही नाही, घट्टही नाही, नुसती गोल फिरते? आटे झिजलेत. कोणाचे ते केबल रिलीजने कळतं. ती नीट बसत असेल तर दोष सॉफ्ट रिलीजचा. ते फेकून द्या. तीही फिरत राहिली तर कॅमेऱ्याचे आटे गेले, आणि ते काम घरी होत नाही.

ओ-रिंग

आतला व्यास २.५ मिमी, जाडी १ मिमी. घड्याळ दुरुस्तीवाल्याकडे किंवा हायड्रॉलिक सील विकणाऱ्या दुकानात मिळते. ती दांडीवर चढवून चकतीच्या बुडाशी नेऊन बसवा, मग बटण फिरवा. रबर दबायला लागलं की तिथून पाव वेढा, बस्स. पान्याने किंवा पकडीने आवळायचं नाही.

एक हिशेब लक्षात ठेवा. आट्यांमधलं अंतर जवळपास अर्धा मिमी. ओ-रिंग दबून ०.७ मिमी जाडी राहिली, तर दांडी तेवढी वर उचलली जाते आणि जवळजवळ दीड आटा बाहेर येतो. मुळात तीनच आटे धरत असतील, तर आता बटण दीड आट्यावर लटकलंय. ओ-रिंग लावूनही बटण हरवल्याच्या तक्रारी असतात, त्यांचं कारण बऱ्याचदा हेच. अशा वेळी ०.५ मिमी जाडीची रिंग घ्या किंवा टेपकडे वळा. रबर कालांतराने चपटं आणि कडक होतं. नखाने दाबल्यावर परत फुगत नसेल तर बदला.

टेफ्लॉन टेप

नळ जोडणारे वापरतात तोच पांढरा टेप. मूळ रुंदी १२ मिमी असते, त्यातून २ ते ३ मिमी रुंद पट्टी ब्लेडने कापा. ३ मिमीच्या दांडीचा घेर साडेनऊ मिमीच्या आसपास, म्हणजे दीड वेढ्याला १५ मिमी लांबी पुरते. दांडीचं टोक स्वतःकडे करून घड्याळाच्या दिशेने गुंडाळा, नाहीतर बसवताना टेप उलगडतो. टोकाचा शेवटचा आटा उघडा सोडा. टेपचे तुकडे निघतात ते तिथूनच, आणि आत पडलेला तुकडा बटणाच्या दांड्याशी अडकतो. बसवताना कॅमेरा उलटा धरा, म्हणजे सुटलेलं काही असेल तर बाहेर पडेल.

दीड वेढ्यांनी भागलं नाही तर दोन. तीनच्या पुढे गेलात तर टेप पकड देण्याऐवजी आटे एकमेकांत बसूच देत नाही.

नेलपॉलिश की लॉकटाइट

बटण कायमचं ठेवायचं असेल, तर पारदर्शक नेलपॉलिशचा एक बारीक ठिपका मधल्या आट्यांवर. कॅमेरा उलटा धरून बसवायचं आणि रात्रभर तसंच उलटं ठेवायचं. नंतर काढताना हाताच्या पिळाने ते तुटतं. दांडीवर उरलेला थर अॅसिटोनने पुसा, पण कॅमेऱ्यापासून दूर; अॅसिटोन प्लास्टिक आणि रंग दोन्ही खातो.

लॉकटाइट म्हणजे स्क्रूचे आटे सुटू नयेत म्हणून लावायचा द्रव. त्याबद्दल गैरसमज फार. वापरायचंच तर जांभळं २२२, बारीक स्क्रूंसाठीचं, कमी ताकदीचं. निळं २४३ इतक्या छोट्या आट्यांना जास्त होतं. लाल २७१चा विचारही नको. लोक सांगतात, 'दांडीवर लावून थोडं वाळू द्या, मग बसवा.' ही जात हवेत वाळत नाही. हवा तुटली आणि धातूचा स्पर्श झाला तरच ती घट्ट होते. म्हणजे बाहेर ठेवून ते ओलंच राहतं आणि बसवल्यावर जास्तीचं आत उतरतं. म्हणून लावल्यावर टिश्यूने पुसून घ्या, आट्यांच्या खाचेत दिसेल न दिसेल इतकंच राहू द्या. आणि ज्या कॅमेऱ्यांच्या वरच्या भागात प्लास्टिक आहे त्यांना हे लावूच नका. काही प्लास्टिकांना या द्रवाने तडे जातात. कॅनन एई-१चं (१९७६) वरचं झाकण धातूचं वाटतं, पण ते मुलामा दिलेलं प्लास्टिक आहे.

काहीही लावण्याआधी भोक साफ हवं. ब्लोअरने हवा मारा, लाकडी टूथपिकच्या टोकाला आयसोप्रोपिलने जेमतेम ओलसर केलेल्या कापसाचे दोन-तीन तंतू गुंडाळून आटे पुसा. तेल, डब्ल्यूडी-४० यांचं इथे काही काम नाही. तेलकट आट्यांवर ना टेप धरतो ना पॉलिश.

बसवल्यापासून शटर विचित्र वागतंय

हा प्रकार सैल होण्यापेक्षा वाईट, कारण दोष कॅमेऱ्याचा आहे असं वाटून लोक दुरुस्तीला पैसे घालतात. अनेक कॅमेऱ्यांत केबल रिलीजची सुई बटणाच्या आतून जाऊन खालचा दांडा दाबते. सॉफ्ट रिलीजची दांडी जास्त लांब असेल, तर ती नुसती बसवल्यानेच तो दांडा थोडा दाबलेला राहतो.

तपासायची पद्धत अशी. कॅमेऱ्यात रोल नको. वेग १/१२५, लिव्हर फिरवून शटर चढवा (म्हणजे सुटायला तयार करा), आणि सॉफ्ट रिलीज सावकाश फिरवत आत न्या. फिरवतानाच शटर सुटलं तर दांडी लांब आहे, शंकाच नको. सुटलं नाही तर बोट काढून मीटरकडे बघा. निकॉन एफएम२चे लाल दिवे किंवा लायका एम६चे बाण थोड्या वेळाने आपोआप विझायला हवेत. एक मिनिट होऊनही पेटलेलेच असतील, तर बटण अर्धं दाबलेलं आहे. यशिका इलेक्ट्रोमध्ये बोट न लावता इशाऱ्याचा दिवा लागला तर तेच. मीटर नसलेल्या किंवा निव्वळ यांत्रिक कॅमेऱ्यात लक्षण वेगळं दिसतं: लिव्हर फिरतो पण शटर चढत नाही, किंवा चढताच सुटतं.

उपाय म्हणजे दांडी आखूड करणं किंवा ओ-रिंगने वर उचलणं. आखूड करायची तर ६०० नंबरचा पॉलिश पेपर सपाट काचेवर ठेवून टोक घासा, एका वेळी ०.२ ते ०.३ मिमी, आणि दर वेळी वरची चाचणी पुन्हा करा. पितळी चुरा पूर्ण पुसून मगच कॅमेऱ्याजवळ आणा. तो बारीक असतो आणि विजेचा वाहक असतो. एई-१सारख्या इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यात तो चुकीच्या जागी पडणं परवडणारं नाही.

याच्या उलट तक्रारही असते: बटण पूर्ण दाबूनही शटर सुटत नाही, किंवा कधी सुटतं कधी नाही. इथे दोष चकतीच्या रुंदीचा. शटर बटणाभोवती कडं किंवा डायल असेल, तर १२ मिमीची चकती त्यावर जाऊन टेकते आणि बटणाचा शेवटचा प्रवास पुरा होत नाही. पेंटॅक्स एमई सुपरमध्ये मोड डायल बटणाभोवतीच आहे, तिथे रुंद चकती डायल फिरवायलाही अडवते. ८ मिमीच्या आसपासची चकती घ्या. व्हँकुव्हरचे टॉम अब्राहमसन लायकासाठी सॉफ्ट रिलीज बनवत, त्यांतही मोठ्याबरोबर मिनी आकार होता. डायल जवळ असलेल्या कॅमेऱ्यांना छोटाच शोभतो. रुंद चकतीचा आणखी एक तोटा म्हणजे काठावर दाब पडला की बटण तिरकं होऊन कड्याला घासतं आणि दाबताना खरखर जाणवते. ती जाणवली तर कॅमेऱ्याला तेल घालायला धावू नका, आधी चकतीच्या मध्यावर दाबून बघा.

पिशवीत सुटलेलं शटर, संपलेली बॅटरी

निगेटिव्हच्या पट्टीवर चांगल्या फ्रेमांच्या मधे एखादी पूर्ण पारदर्शक फ्रेम दिसली, आणि तुम्ही सॉफ्ट रिलीज वापरत असाल, तर पहिला संशय पिशवीवर. लेन्सवर झाकण असताना शटर सुटलं की फिल्मवर प्रकाश पडत नाही आणि निगेटिव्ह कोरी निघते. स्लाइड फिल्मवर तीच फ्रेम काळी दिसेल. आजच्या रोलच्या किमतीत हे झोंबतं.

सर्वांत भरवशाचा उपाय फुकट आहे: फोटो काढायच्या क्षणापर्यंत शटर चढवायचं नाही. के१०००ला (१९७६) बटणाचा लॉक नाहीच, त्यामुळे तिथे दुसरा मार्गही नाही. एफएम२मध्ये लिव्हर आत पूर्ण चिकटवला की बटण अडतं, तेव्हा पिशवीत ठेवताना अंगठ्याने तो आत लोटा. एई-१ला बटणाचा लॉक आहे, तो वापरा. इलेक्ट्रो ३५ जीएसएनलाही आहे.

एम६चं (१९८४) जरा वेगळं आहे. त्याला मीटर बंद करायचा वेगळा खटका नाही. शटर चढवलेलं असेल आणि बटणावर हलका दाब असेल तर मीटर चालू राहतो. वर सॉफ्ट रिलीज असलं की पिशवीच्या कापडाचा दाबही पुरतो आणि आतल्या दोन एसआर४४ बॅटऱ्या संपतात. वेगाची डायल 'बी'वर (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं राहतं ती खूण) ठेवली की मीटर बंद होतो, हा जुना सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच. 'बी'वर चढवलेलं शटर पिशवीत दाबलं गेलं तर पडदा उघडाच राहील, आणि लेन्सवर झाकण नसेल तर ती फ्रेम वाया जाईल. म्हणून 'बी'वर ठेवा, पण न चढवता. एम६ टीटीएलच्या डायलवर मात्र बंद करायची खूण आहे, तिथे प्रश्न मिटतो.

चामड्याची एव्हररेडी केस वापरणाऱ्यांना एक अडचण हमखास येते. केसचा वरचा पदर शटर बटणाच्या मूळ उंचीला बेतलेला असतो. सॉफ्ट रिलीजने उंची ३ ते ५ मिमी वाढली की पदर बंद करताना बटण दाबलं जातं. केस आणि सॉफ्ट रिलीज यांतलं एकच निवडावं लागतं.

लावलं, पण फोटो तरी हलतातच

सॉफ्ट रिलीज फक्त बोटाचा झटका कमी करतं. बोट ताणून टोकाने टोचण्याऐवजी पहिल्या सांध्याजवळचा मऊ भाग चकतीवर आडवा ठेवून दाबता येतो, एवढाच फायदा. रेंजफाइंडरवर, म्हणजे लायकासारख्या आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर, १/३० किंवा १/१५ला तो दिसतो. एसएलआरमध्ये (लेन्समागे आरसा असलेल्या कॅमेऱ्यात) आरसा आपटतो त्याच्यावर या बटणाचा काही इलाज नाही. ट्रायपॉडवर १/१५, १/८ला चित्र हलत असेल तर केबल रिलीज लावा आणि आरसा आधी वर घ्या: ओएम-१ला त्यासाठी खटका आहे, एफएम२मध्ये सेल्फ टायमर सुरू होताच आरसा वर जातो. ट्रायपॉडवर सॉफ्ट रिलीज बोटाने दाबणं म्हणजे ट्रायपॉड आणल्याचा उद्देशच घालवणं.

निघतच नाही, किंवा आत तुटलं

पावसाळ्यात पितळ आणि क्रोम यांच्यामध्ये मळ आणि ओल बसून बटण अडकतं. लाकडी टोपीची बटणं तर फुगतात, आणि जोर लावला की टोपी हातात येते, दांडी आत राहते. काढताना चकतीभोवती रुंद रबरबँड दोन वेढे गुंडाळा किंवा रबरी हातमोजा घाला आणि घड्याळाच्या उलट दिशेने सावकाश पिळा. पक्कड नको. काही कॅमेऱ्यांत शटर बटण स्वतःही आट्यांवरच बसवलेलं असतं, आणि सॉफ्ट रिलीजऐवजी तेच सुटून बाहेर येतं. पिळताना खालचं बटणही फिरतंय असं दिसलं तर तिथेच थांबा.

दांडी आत तुटली आणि टोक वर दिसत असेल, तर टोकदार चिमट्याने उलटं फिरवून ती बऱ्याचदा निघते. टोक भोकाच्या आत असेल तर ड्रिल, सुई, गोंद लावलेली काडी, यांतलं काहीही करू नका. कॅमेरा तसाच दुरुस्ती करणाऱ्याकडे द्या. मुंबईत असाल तर फोर्टातल्या बोरा बाजारात चौकशी करा. देताना आट्यांना काय लावलं होतं ते आवर्जून सांगा: नेलपॉलिश, लॉकटाइट की फेविक्विक. त्यावर तो कोणतं द्रावण वापरेल, आणि आधी वरचं झाकण काढेल की नाही, हे ठरतं.